वन्सं, वारा आणि माती

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न मोडलेलं नाही. फोनच करणार होते, पण तुमच्याकडचा फोन म्हणजे आईचा फोन, आणि आईचा फोन म्हणजे स्पीकर. मला जे सांगायचंय ते आईच्या कानावर जायला नकोय. शिवाय फोनवर तू ‘हं’ आणि ‘हो का’ याच्यापुढे कधी गेली नाहीस. कागदावर तरी दोन ओळी जास्त लिहिशील अशी आशा आहे.

तर बातमी अशी, की मला बसवरून उतरवलंय. अपघात वगैरे काही नाही. वार्षिक तपासणी होती. डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला, चष्मा पुसला आणि पुन्हा फुगवला. मी म्हटलं, बाई, टायर असता तर एव्हाना फुटला असता. त्या हसल्या नाहीत. बीपी इतकं वर गेलंय, की अशा बाईच्या हाती बसभर माणसं देता येणार नाहीत म्हणाल्या. मे महिन्यात पुन्हा तपासणी. खाली आलं तर बस परत मिळेल, नाही आलं तर कायमची चौकशी खिडकी. सध्या तिथेच बसवलंय. समोर काच, काचेला एक भोक, आणि भोकापलीकडे एकामागून एक तोंडं.

गोळ्या चालू आहेत, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही म्हणे. त्यांनी विचारलं, “स्वतःसाठी काय करता?” मी म्हटलं, “जेवते.” तर त्यांनी कागदावर लिहून दिलं, रोज थोडा वेळ स्वतःसाठी. काय करायचं ते लिहिलंच नाही. ज्यानं त्यानं आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवायचं म्हणाल्या. आता माझा स्वभाव मला कुठे माहीत? तो तुम्हा सगळ्यांना माहीत. म्हणून तुला विचारतेय. तू दातांच्या दवाखान्यात काम करतेस, तिथे बाहेर मासिकांचा ढीग असतो, आणि त्यात असल्या गोष्टी भरपूर असतात. बघ जरा.

दादाला सांगितलंस तर चालेल. आईला नाही.

तुमचा रेडिओ

*

११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुम्हाला वन्सं म्हटलेलं आवडत नाही, म्हणूनच म्हणते. फोनवर म्हणायची सोय नसते, कारण मी तोंड उघडेपर्यंत तुमचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

आधी मी घाबरले, मग तुमच्या दादांना सांगितलं, मग तेही घाबरले, आणि मग आम्ही दोघांनी सासूबाईंसमोर इतका साळसूद चेहरा केला, की त्यांनी विचारलं, काय लपवताय. तुमचे दादा म्हणाले, “लिफ्टमध्ये माणूस अडकलाय, निघतो,” आणि खरंच निघाले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याचा हा एक फायदा आहे, कुठे ना कुठे माणूस अडकलेलाच असतो.

आता कामाचं. मासिक मिळालं. एका पेशंटच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. त्यात स्वभावाचे चार प्रकार दिले आहेत: वारा, माती, पाणी आणि विस्तव. प्रश्नांची उत्तरं द्यायची, खुणा मोजायच्या, की आपण कोण ते कळतं, आणि मग त्या स्वभावाला मानवतील असे आरामाचे उपाय दिलेले आहेत. तुमच्या वतीनं मीच खुणा केल्या. ‘चार माणसांत पहिल्यांदा कोण बोलतं?’ तुम्ही. ‘शांतता पसरली की काय करता?’ विनोद सांगता. ‘मित्रमंडळींत तुमची ओळख काय?’ आता ‘रेडिओ’ असा पर्याय नव्हता, म्हणून ‘मैफलीचा प्राण’ यावर खूण केली. तुम्ही काठोकाठ वारा निघालात. तुमच्यासाठी उपाय असे: हास्यमंडळ, समूहगान, घरी माणसं जमवणं, अनोळखी लोकांशी गप्पा. एकटं बसणं वाऱ्याला घातक, असंही लिहिलंय.

त्यामुळे एक सांगू का, ती खिडकी तुम्हाला मानवेल असं मला वाटतं. दिवसभर माणसंच माणसं. बस गेली तरी फार वाईट वाटून घेऊ नका.

मी स्वतः माती निघाले. पाय कोमट पाण्यात सोडून बसणं, भरतकाम, कुंड्या, एकांत. त्यात आश्चर्य काही नाही. दिवसभर मी कवळ्या करते. टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग असते, इतकी तोंडं आणि एकही बोलत नाही. भरतकामाची चौकट मात्र आणली आहे.

आणि काळजी करू नका, तुम्हाला काहीही आंधळेपणानं करायला सांगणार नाही. आमच्या लॅबमध्ये पक्की कवळी करायच्या आधी मेणाची करून पेशंटला घालून बघतात. कुठे टोचतंय, कुठे सैल आहे, ते तेव्हाच कळतं. तसं यातलं जे इथे असेल ते मी आधी करून बघते. हास्यमंडळ आमच्याकडे नाही, ते तुम्हीच सुरू करा. समूहगान आहे. फर्निचरच्या दुकानाच्या वर जमतात. तिथे माझ्यासारखी बाई म्हणजे खांबच, पण तुमच्यासाठी जाईन.

तुमची वहिनी

*

२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

अगं, तू एवढं लिहितेस? मी पत्र दोनदा वाचलं आणि पाकिटावरचं अक्षर तुझंच आहे ना ते पुन्हा पाहिलं.

हास्यमंडळाला गेले. बागेत सकाळी जमतात. चालवणारे एक निवृत्त हेडमास्तर आहेत, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की हसायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. पहिल्या दिवशी मला खरंच हसू आलं ते शिट्टी नसताना, तर हेडमास्तर म्हणाले, “नवीन बाई, शिस्त.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पुढे उभं केलं, कारण माझा आवाज मोठा. आता मी बाकीच्यांना हसवते, मग ते हसतात. मजा येते. फक्त घरी आल्यावर डोकं जरा ठणकतं, ते उन्हानं असेल.

खिडकीचं म्हणशील तर तीही बरी आहे. लोक विचारतात, अमुक बस कुठे लागते. मी सांगते. मग विचारतात, नक्की ना. मग मी एखादा विनोद करते, की ते खूश. परवा एक बाई बस सोडून गप्पा मारायला थांबली. सगळे म्हणतात, तुमच्यासारखी बाई या खिडकीला हवीच होती. साहेबही म्हणाले, बीपी खाली आलं तरी इथेच राहा ना. मी म्हटलं, बघू.

खिडकीच्या मागे हरवलेल्या सामानाची खोली आहे. छत्र्या, डबे, एक पाय नसलेली खुर्ची. ती आवरायचं काम मी मागून घेतलं. दुपारी दार लावून छत्र्या लावत बसते. धूळ फार होती.

बीपी दर पंधरा दिवसांनी बघायला सांगितलंय. थोडं वरच गेलंय. मशीन जुनं आहे.

तुझी नणंद
(वन्सं म्हणायचं नाही.)

*

७ मार्च

प्रिय वन्सं,

मशीन जुनं असेल तर दुसऱ्या मशीनवर बघा. मी प्लास्टरच्या जबड्यांशी खेळते म्हणून मला आकडे कळत नाहीत असं नाही.

समूहगानाची ट्रायल घेतली. अर्ध्या जिन्यातून एकदा परत फिरले होते. वर तीस खुर्च्या, एक पेटी, आणि पेटीवर आमच्याच गल्लीतली किराणेवाली, इतकी गोड वाजवते की मला कधी वाटलं नव्हतं. तिनं विचारलं, आवाज कुठला, वरचा की खालचा? मी म्हटलं, मला आवाज नाहीच, मी माझ्या नणंदेसाठी बघायला आले आहे. ती म्हणाली, नणंदेसाठी बघायला आलात तरी उभं राहायला जागा एकच, आणि मला खालच्या आवाजात उभं केलं. गाणं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी डोळे मिटून, मान वर करून गात होते. शेजारची बाई म्हणाली, “एवढा आवाज कुठे ठेवला होता?” मग सगळ्यांनी चहा घेतला. चहा बराच वेळ चालला.

एका दिवसात ट्रायल पुरी होत नाही, म्हणून पुढच्या बुधवारीही जाते आहे. तुमच्यासाठीच.

मातीचे उपाय मात्र माझ्या जिवावर आले आहेत. पाय पाण्यात सोडून बसले, तर पाच मिनिटांत कंटाळा आला, आणि पाणी गार होईपर्यंत मी समोरच्या भिंतीवरचे डाग मोजले. भरतकामात फूल काढायला घेतलं होतं, त्याचा बटाटा झाला. पण मासिकात लिहिलंय म्हणजे मला मानवतच असणार. बहुधा माझंच करताना काही चुकतं.

तुम्ही आता दोन गोष्टी सुरू करा. तिकडे समूहगान असेलच, ते शोधा. आणि शनिवारी घरी माणसं जमवा. आमच्या भावजींना माणसांची हौस आहेच.

सासूबाई म्हणत होत्या, रविवारी फोनवर लेक पूर्वीसारखी खिदळत नाही. मी म्हटलं, लाइन खराब असेल.

तुमची वहिनी

*

२६ मार्च

प्रिय वहिनी,

उशीर झाला. वेळच मिळाला नाही, कारण तुझे सगळे उपाय एकदम चालू आहेत.

शनिवार सुरू झाले. तुझ्या भावजींना सांगायचा अवकाश, त्यांनी सगळी गल्ली बोलावली. पहिल्या शनिवारी खुर्च्या पुरल्या नाहीत, दुसऱ्या शनिवारी कप पुरले नाहीत. मी ड्रायव्हर झाल्यापासूनचे सगळे किस्से सांगते. भर चौकात बसमध्ये शेळी चढली तो किस्सा आता त्यांना इतका पाठ आहे, की शेळी चढायच्या आधीच हसतात. हे दारात उभे राहून माझ्याकडे कौतुकानं बघत असतात. त्यांना वाटतं मला केवढं बरं वाटतंय. मीही तसंच दाखवते, म्हणजे वाटतंच.

समूहगानही लावलं. पहाटे हास्यमंडळ, दिवसभर खिडकी, मंगळवारी गाणं, शनिवारी माणसं, रविवारी आईचा फोन. वाऱ्याला याहून काय हवं.

एक विचारायचं होतं. आमच्या इथे एक कंडक्टरीण आहे. बिचारी फार दमलेली असते. तिला मातीचे उपाय हवे आहेत. तिचा स्वभाव तसा असावा असं तिला वाटतं. मासिकात मातीबद्दल जे काही असेल ते सगळं उतरवून पाठव. तिला सांगते मग. घाई आहे, म्हणजे तिला.

तुझी नणंद

*

९ एप्रिल

प्रिय वन्सं,

कंडक्टरणीसाठी: ‘दिवसातला काही वेळ कुणाशीही न बोलता घालवावा. हातांना सवयीचं, ठरावीक काम द्यावं. ओळखीच्या रस्त्यानं एकटंच चालावं. आपण गप्प आहोत याबद्दल कुणाची माफी मागू नये.’ शेवटचं वाक्य मला आवडलं, म्हणून ठळक उतरवलंय.

आता माझं ऐका. तुमचे दादा गेल्या शनिवारी तुमच्या गावी लिफ्टच्या कामाला आले होते. तुम्हाला चकित करावं म्हणून न सांगता घरी गेले. घर माणसांनी भरलेलं, भावजी चहाचा ट्रे घेऊन फिरताहेत, आणि तुम्ही नाहीत. भावजी म्हणाले, डेपोत तातडीचं काम निघालं. तुमचे दादा डेपोत गेले. शेडमध्ये एक बस उभी होती, दिवे बंद. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर होतात. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. त्यांना वाटलं तुम्ही रडताय. त्यांनी हाक मारली नाही. बहिणीला रडताना गाठायचं धैर्य झालं नाही म्हणाले, आणि परतीच्या गाडीत बसले. दोन दिवस मला हे सांगत नव्हते. काल जेवताना सांगितलं.

वन्सं, ती कंडक्टरीण कोण आहे? आणि बीपीचा खरा आकडा काय आहे? मला विनोद नकोय, आकडा हवाय.

इकडे माझं गाणं बरं चाललंय. एक कडवं एकटीनं गायचं आहे, मी हो म्हणून बसले. पण ते नंतर. आधी तुमचं लिहा.

तुमची वहिनी

*

१५ एप्रिल

वहिनी,

कंडक्टरीण नाही. मीच आहे. आकडा फेब्रुवारीपेक्षा वर आहे आणि मशीन नवीन आहे.

दादाला सांग, मी रडत नव्हते. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. किल्ली नव्हती, इंजिन बंद, कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि मला कुणाशी बोलायचं नव्हतं. त्यानं हाक मारली नाही हे फार चांगलं केलं.

आता सुरू झालेय तर सगळंच सांगते. मला हास्यमंडळाचा वीट आलाय. ती शिट्टी माझ्या डोक्यात वाजते. शनिवार आला की शुक्रवारपासूनच माझ्या छातीत धडधडतं. समूहगानात मी नुसते ओठ हलवते. आणि ती खिडकी, वहिनी, ती खिडकी मला खाते. माणसं वाईट नाहीत गं. मला माणसं आवडतात. पण प्रत्येक माणसासाठी मला आतून एक दिवा लावावा लागतो, आणि संध्याकाळपर्यंत तेल संपतं. घरी जाऊन पुन्हा लावायचा, कारण तिथे सगळे रेडिओची वाट बघत असतात.

तुला माहीत नाही, मी रेडिओ कशी झाले. लहानपणी बाबा अबोल होते. जेवायला बसलो की आईचा चेहरा उतरायचा, तिला वाटायचं घरात काहीतरी बिनसलंय. मी एकदा शाळेतल्या बाईंची नक्कल केली आणि आई हसली. मग मी रोज करायला लागले. त्याचं कौतुक झालं, नाव पडलं, आणि ते नाव मी इतकी वर्षं ओढतेय. मी कधी तासभर गप्प बसले तर लोक माझ्या कपाळाला हात लावून बघतात.

बस तेवढी माझी होती. ड्रायव्हरशी बोलायची बंदी असते. पाठीमागे साठ माणसं असतात, मला त्यांचा सहवास असतो, त्यांना सुखरूप पोचवायचं असतं, आणि एक अक्षर बोलावं लागत नाही. पहाटेची पहिली फेरी तर मी मागून घ्यायची. रस्ता रिकामा, दिवे एकेक विझत असतात. त्या फेरीवर माझा बाकीचा दिवस चालायचा.

म्हणून तू ‘खिडकी तुम्हाला मानवेल’ लिहिलंस ना, तेव्हा मी ते पत्र फाडलं. मला तुझा राग आला. आणि माझा जास्त, कारण तू लिहिलंस ते मी इतकी वर्षं दाखवलं त्यावरूनच लिहिलंस. मे तोंडावर आलाय. त्यांनी मला कायमचं तिथे बसवलं तर मी काय करू, मला कळत नाहीये.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

*

१८ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र आलं तशी मी कोट न काढता जिन्यात बसून वाचलं, आणि लगेच लिहायला बसले आहे.

चूक माझी आहे, आणि ती अशी चूक आहे, की लॅबमध्ये नवशिक्यानं केली असती तर मी त्याला सुनावलं असतं. मेणाची कवळी ज्याची त्याच्या तोंडात घालून बघायची असते. मी तुमची माझ्या तोंडात घालून बघितली, मला छान बसली, आणि तुम्हाला पाठवून दिली. ती टोचत असताना तुम्ही हसत होतात, आणि मी म्हणत होते, वा, फिट आहे.

ते मासिकही बिनडोक आहे. त्यात विचारलंय, तुम्ही चारचौघांत काय करता. ते करून घरी आल्यावर कसं वाटतं, हे कुठेच विचारलेलं नाही. मघाशी मी तेवढा एकच प्रश्न मनाशी धरून पुन्हा सगळ्या खुणा केल्या. तुम्ही माती आहात. आणि मी वारा आहे.

हसू नका. बुधवारी जिना उतरताना माझे पाय जमिनीला लागत नाहीत. त्या बायकांशी मी इतकं बोलते, की किराणेवाली मला ‘बडबडी’ म्हणते. मला, या घरातल्या खांबाला. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही बोलत होतात, आणि इतकं छान बोलत होतात, की मला वाटलं, या घरात बोलायची जागा भरलेली आहे. मी बाजूला बसले. मग ‘सून गरीब आहे’ असं ठरलं, आणि मीही ते खरं मानून भरतकामाची चौकट विकत घेतली.

आता रडगाणं पुरे. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. उद्यापासून हेडमास्तरांना रामराम. समूहगान बंद. भावजींना तुम्ही स्वतः सांगा, मी सांगितलं तर नणंदेच्या संसारात नाक खुपसल्यासारखं होईल. खिडकी टाळता येत नाही, पण जेवणाची सुट्टी त्या छत्र्यांच्या खोलीत काढा आणि दार लावून घ्या. संध्याकाळी घरी येताना पहिल्या फेरीच्या रस्त्यानं पायी या, एकट्या. गोळ्या चुकवू नका.

आणि रविवारचा आईचा फोन माझ्याकडे द्या. तुम्ही फोन करा, ‘बरी आहे’ म्हणा, पुढचं मी बघते. सासूबाईंना हसवायचं कंत्राट तुम्ही फार वर्षं सांभाळलंत. मला एकदा संधी द्या.

तुमची वहिनी

*

४ मे

प्रिय वहिनी,

यांना सांगितलं. चार दिवस धीराची जमवाजमव करत होते, शेवटी बूट घालता घालता सांगून टाकलं, मला शनिवार नकोत. हे खुर्चीत बसले. म्हणाले, “मला कुठे हवेत? मी तुझ्यासाठी बोलावत होतो. शनिवारी मला झोपायचं असतं.” मग म्हणाले, “तू गप्प असलीस की मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय.” मी म्हटलं, “मी गप्प असले की समजा, तुमच्याजवळ मला बरं वाटतंय.” त्यावर हे इतका वेळ काही बोलले नाहीत, की मलाच विचारावंसं वाटलं, काय झालं.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं एकाच खोलीत होतो. हे झोपले होते, मी घरातल्या सगळ्या चपलांना पॉलिश केलं. कुणी शेळीचा किस्सा मागितला नाही.

पायी येते रोज. पहिल्या दिवशी सवयीनं प्रत्येक स्टॉपवर थांबले, लोक बघायला लागले. छत्र्यांच्या खोलीला आतून कडी लावून घेतली.

आईचा फोन झाल्यावर तिनं मागाहून मला परत फोन केला, स्वतःहून. म्हणाली, “अगं, तुझ्या वहिनीला झालंय काय? दातांच्या दवाखान्यातल्या लोकांच्या नकला करून दाखवते. माझं हसून हसून पोट दुखलं.” आणि मग जरा थांबून म्हणाली, “तू दमली होतीस ना? तुझा आवाज सांगत होता. मला वाटलं, विचारलं तर तू आणखी जोरात हसशील.” वहिनी, मी स्टुलावर बसून रडले. पण बरं वाटलं.

दोन दिवसांनी तपासणी आहे. भीती वाटतेय. ती मी विनोदात लपवत नाहीये, एवढंच तुला सांगते.

तुझी वन्सं
(म्हण आता, चालेल.)

*

७ मे

वहिनी,

आकडा खाली आलाय. डॉक्टरीणबाईंनी दोनदा फुगवला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “काय केलंत?” मी म्हटलं, “काही नाही.” त्या पहिल्यांदा हसल्या. अजून पूर्ण खाली नाही, गोळ्या चालू ठेवायच्या, दर महिन्याला दाखवायचं. पण सोमवारपासून पहिली फेरी माझी.

साहेब हळहळले. खिडकीला शोभत होतात म्हणाले. मी नुसती मान हलवली.

वन्सं

*

२ जून

प्रिय वन्सं,

तुम्हाला न सांगता एक गोष्ट केली, ती आता सांगते.

शनिवारी आमच्या मंडळाचा कार्यक्रम तुमच्याच गावी होता. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही सुट्टी घेऊन स्टँडवर आला असतात, घरी नेलं असतं, आणि मला हसवलं असतं. म्हणून कळवलं नाही. रात्रीच्या गाडीनं पोचले, बाकीच्या बायकांना पुढे पाठवलं आणि तुमच्या पहिल्या फेरीला डेपोच्या दाराशी उभी राहिले. डोक्यावरून स्कार्फ घेतला होता. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मिळाली.

वन्सं, मी तुम्हाला इतक्या वर्षांत असं कधी पाहिलंच नव्हतं. तुमची पाठ, ती मान, वळण घेताना सैलसर फिरणारे हात. बस हळू थांबवत होतात, कुणाचा तोल जाऊ नये अशी. एक म्हातारे गृहस्थ सीटवर बसेपर्यंत तुम्ही बस हलवली नाहीत. मला तुमच्या खांद्यावर थोपटून सांगावंसं वाटत होतं, मी आलेय बरं का, आज एकटीचं कडवं आहे. शब्द अगदी ओठांवर आले होते. वाऱ्याच्या माणसाला तोंड मिटून बसणं किती अवघड असतं, ते मला परवा कळलं. पण मी संपूर्ण फेरीभर एक अक्षर बोलले नाही. ती तुमची वेळ होती.

सभागृहाच्या स्टॉपवर पुढच्या दारानं उतरले. तुम्ही समोरच बघत होतात, मला ओळखलं नसणार. मी फुटपाथवर पोचले, पर्स सावरली, रस्ता ओलांडायला वळले, तरी तुमचं दार उघडंच. बराच वेळ. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा मिटलं. दार अडकलं असेल तर डेपोत दाखवून घ्या.

कडवं छान झालं. किराणेवाली रडली.

तुमची वहिनी

*

६ जून

वहिनी,

दार अडकलं नव्हतं.

वन्सं